चाळीस मिनिटं आणि तीन तास : हृदयाला मिळालेल्या मुदतीचं प्रकरण

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात ड्यूक विद्यापीठ आहे. तिथे चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर या तिघांनी कुत्र्यांच्या हृदयावर एक प्रयोग केला. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात छापून आला. मरी तेव्हा शिकत होते, तर जेनिंग्ज या विषयातले जुनेजाणते. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा आधी थोडा थोडा वेळ तोडला, तर पुढच्या मोठ्या तुटवड्यात तो स्नायू कमी मरतो, असं त्यांना दिसलं. कोणाही डॉक्टरची अपेक्षा याच्या नेमकी उलट असती.

हे प्रकरण इथे सविस्तर मांडायचं कारण असं, की त्या प्रयोगाचे दोन भाग होते आणि सांगितला जातो तो बहुधा एकच. गेल्या चार दशकांत या शोधाच्या आधाराने उपचार शोधायचे जे प्रयत्न झाले, त्यांचं यशापयश समजायला दुसरा भागही तितकाच लागतो.

हृदयाची अडचण

हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. त्यासाठी लागणारी ऊर्जा, म्हणजे एटीपी, ते जवळजवळ सगळी ऑक्सिजनच्या जोरावर आणि लागेल तशी तयार करतं. शिल्लक साठा म्हणाल तर काही सेकंदांचा. शिवाय आपण स्वस्थ बसलेलो असतानाही हृदयाचा स्नायू त्याला मिळालेल्या रक्तातला ७० ते ८० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. हातापायांचे स्नायू वेळ पडली तर तेवढ्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेऊ शकतात. हृदयाकडे ती सोय फारशी उरलेलीच नसते. त्याला जास्त ऑक्सिजन हवा असेल तर जास्त रक्तच लागतं.

म्हणून हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी अचानक बंद झाली की त्या भागाचं आकुंचन मिनिटभराच्या आत थंडावतं. बघणाऱ्याला हा बिघाड वाटतो, आणि एका अर्थी तो आहेही. पण ती हृदयाची बचावाची पहिली चालही आहे. सगळ्यात जास्त ऊर्जा आकुंचनावर खर्च होते. ते थांबलं की उरलेल्या तुटपुंज्या ऊर्जेवर पेशी आपलं आवरण शाबूत ठेवण्याची आणि आतलं सोडियम-कॅल्शियम आटोक्यात ठेवण्याची धडपड करू शकते. ग्लायकोजेन मोडून ऑक्सिजनविना थोडी ऊर्जा मिळते, पण त्याबरोबर लॅक्टेट साचत जातं आणि पेशीत आम्लता वाढते.

धमनी पंधरा मिनिटांच्या आत मोकळी झाली तर पेशी सहसा मरत नाहीत. मात्र त्यांचं आकुंचन पूर्वपदावर यायला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. यूजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी १९८२ साली या अवस्थेचं वर्णन केलं: स्नायू जिवंत, पण सुन्न. कुत्र्याच्या हृदयात वीस मिनिटांच्या आसपास पेशी कायमच्या मरू लागतात. हे मरण सगळीकडे एकदम येत नाही. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली दाखवून दिलं होतं, की ते हृदयाच्या आतल्या अस्तराकडून सुरू होतं आणि तासागणिक बाहेरच्या थराकडे सरकत जातं. आतल्या थरावर दाब जास्त, त्याची गरज जास्त आणि रक्त पोचायला तोच सगळ्यात अवघड. बाहेरच्या थराला शेजारच्या धमन्यांच्या बारीक जोडवाहिन्यांतून थोडंफार रक्त मिळत राहतं. त्यामुळे धमनी लवकर उघडली तर बाहेरचा बराच स्नायू वाचतो, उशिरा उघडली तर तोही जातो.

प्रयोग

मग छोटे छोटे तुटवडे एकामागून एक आले तर? साधा तर्क असा, की प्रत्येक तुटवडा थोडं नुकसान करील, ते साठत जाईल आणि शेवटी पेशी मरेल. पण ड्यूकमधल्याच आधीच्या प्रयोगांत वेगळंच दिसलं होतं. पहिल्या खेपेला एटीपी घटतं, पण पुढच्या खेपांना ते त्या मानाने खाली जात नाही. नुकसान साठत नव्हतं. म्हणजे पहिल्या धक्क्यानंतर पेशी काहीतरी वेगळं वागू लागली होती. तिघांनी हाच धागा पकडला.

भूल दिलेल्या कुत्र्यांची छाती उघडून त्यांच्या डाव्या कोरोनरी धमनीची सर्कमफ्लेक्स ही शाखा पाच मिनिटं बंद केली, मग पाच मिनिटं मोकळी सोडली. असं चार वेळा. त्यानंतर तीच शाखा सलग ४० मिनिटं बंद ठेवली. अशी सात कुत्री होती. तुलनेसाठीच्या पाच कुत्र्यांना आधीचे छोटे तुटवडे दिले नाहीत, थेट ४० मिनिटं. नंतर धमनी मोकळी करून सगळ्यांना चार दिवस ठेवलं आणि मग हृदयाचे काप काढून, धोक्यात आलेल्या स्नायूपैकी किती मेला ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. जोडवाहिन्यांतून किती रक्त येत होतं याचीही मोजणी केली. हा भाग फार महत्त्वाचा, कारण कुत्र्या-कुत्र्यांत या वाहिन्या कमी-जास्त असतात आणि तो फरक हिशेबात धरला नाही तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

थेट ४० मिनिटं बंद ठेवलेल्या हृदयांत धोक्यातला २९.४ टक्के स्नायू मेला. आधी चार छोटे तुटवडे सोसलेल्या हृदयांत मेला ७.३ टक्के. म्हणजे एकूण तुटवडा साठ मिनिटांचा होऊनही नुकसान चौथ्या हिश्शावर आलं. जोडवाहिन्यांतून येणारं रक्त दोन्ही गटांत सारखंच होतं, त्यामुळे ‘दुसऱ्या वाटेने रक्त आलं म्हणून वाचलं’ असं म्हणायला जागा राहिली नाही. स्नायू स्वतःच बदलला होता. या बदलाला त्यांनी प्रीकंडिशनिंग म्हटलं आणि तोच शब्द रूढ झाला.

आता दुसरा भाग. त्याच पद्धतीने चार छोटे तुटवडे दिलेल्या नऊ कुत्र्यांची धमनी ४० मिनिटांऐवजी सलग तीन तास बंद ठेवली. तुलनेसाठी सात कुत्र्यांची धमनी थेट तीन तास. चार दिवसांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत मेलेला स्नायू सारखाच होता. आधीच्या तयारीचा लाभ पार पुसला गेला होता.

या दोन निकालांचा अर्थ एकत्रच लावावा लागतो. हृदयाने मरण टाळलं नव्हतं, पुढे ढकललं होतं. मूळ निबंधाच्या शीर्षकातच तिघांनी पेशीच्या मरणाला होणारा विलंब असे शब्द वापरलेत. एवढा चकित करणारा आकडा हाती असताना त्यांनी तीन तासांचा गट घेतला आणि तो निकाल त्याच निबंधात, तितक्याच ठळकपणे मांडला. मला या कामाविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी.

त्याच वर्षी इटलीतल्या जिस्सी अभ्यासाचे निकाल आले होते. हार्ट अटॅकच्या ११,८०६ रुग्णांच्या त्या अभ्यासात स्ट्रेप्टोकायनेज हे औषध देऊन धमनीतली गुठळी विरघळवली तर २१ दिवसांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर येतात, आणि औषध जितकं लवकर तितका फायदा मोठा, हे सिद्ध झालं. एकीकडे डॉक्टरांच्या हाती बंद धमनी उघडायचं साधन आलं, दुसरीकडे हृदय स्वतःहून थोडी मुदत मिळवू शकतं हे कळलं. या दोन गोष्टी एकमेकींशिवाय अपुऱ्या आहेत. ड्यूकच्या तिघांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं, की हार्ट अटॅकच्या आधी माणसाला जे अंजायनाचे, म्हणजे रक्त कमी पडून छातीत दुखण्याचे, झटके येतात, त्यांनीही पेशींचं मरण लांबत असावं आणि त्यामुळे धमनी उघडण्याच्या उपचाराने जास्त स्नायू वाचत असावा.

आत नेमकं काय घडतं

पुढच्या दहा-बारा वर्षांत याचा माग काढताना हाती लागलेली पहिली कडी अ‍ॅडिनोसिनची. ऊर्जा संपत आली की एटीपी मोडत मोडत त्यातून अ‍ॅडिनोसिन बाहेर पडतं. म्हणजे तुटवड्याची वर्दी देणारा रेणू तुटवड्यातूनच तयार होतो. अमेरिकेतल्या अलाबामात जेम्स डाउनी यांच्या गटाने १९९१ मध्ये सशांच्या हृदयात दाखवलं, की अ‍ॅडिनोसिनचे ए-१ ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप घेणारे पेशीवरचे रेणू, अडवले तर प्रीकंडिशनिंगचा लाभ मिळत नाही. आणि छोट्या तुटवड्याऐवजी नुसतं अ‍ॅडिनोसिन दिलं तरी लाभ होतो. ब्रॅडिकायनिन आणि शरीरातली अफूसदृश द्रव्यंही हेच काम करतात असं नंतर कळलं. हे निरोप पेशीच्या आत प्रोटीन कायनेज सी सारख्या विकरांकडे (एन्झाइमांकडे) जातात आणि तिथून मायटोकाँड्रियापर्यंत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या केंद्रांपर्यंत, पोचतात.

शेवटचा फैसला तिथेच होतो. धमनी उघडून रक्त परत येतं ती पहिली काही मिनिटं पेशीसाठी फार धोक्याची असतात. आम्लता झपाट्याने उतरते, कॅल्शियम आत घुसतं, ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. या माऱ्याने मायटोकाँड्रियाच्या आवरणातलं एक मोठं छिद्र उघडतं. ते उघडलं की ऊर्जा तयार होणं बंद पडतं, मायटोकाँड्रिया फुगून फुटतात आणि पेशी मरते. तुटवड्याच्या काळात हे छिद्र बंदच असतं, आम्लताच त्याला बंद ठेवते. तयारी झालेल्या पेशीत ते रक्त परतल्यावरही सहजी उघडत नाही. त्याशिवाय अशा पेशीत मोठ्या तुटवड्याच्या वेळी ऊर्जेचा खर्चच सावकाश होतो, हे मरी यांनी १९९० मध्ये दाखवलं.

हे संरक्षण टिकतं किती? छोट्या तुटवड्यानंतर एक-दोन तास. मग ते विरतं. पण १९९३ मध्ये लंडन आणि जपानमधल्या दोन गटांना स्वतंत्रपणे आढळलं, की सुमारे २४ तासांनी ते पुन्हा उगवतं आणि तीनेक दिवस राहतं. पहिल्या वेळी पेशीत आधीपासून असलेली प्रथिनं कामाला लागतात. दुसऱ्या वेळी पेशीने मधल्या काळात नवी संरक्षक प्रथिनं घडवलेली असतात. दुसऱ्या खेपेचं संरक्षण पहिल्याइतकं जोरदार नसतं, पण ते दिवसांच्या हिशेबात चालतं. त्यामुळे माणसाच्या आजारात त्याचं मोल अधिक असावं असं मला वाटतं.

माणसात

माणसाच्या निरोगी धमनीवर असा प्रयोग करता येत नाही. पण अँजिओप्लास्टीत फुगा फुगवताना धमनी काही क्षण बंद होतेच. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ९० सेकंदांचे दोन फुगवटे एकामागून एक देऊन बारकाईने नोंदी केल्या. दुसऱ्या वेळी छातीत कमी दुखलं, ईसीजीतला तुटवडा दाखवणारा एसटी भाग कमी उचलला गेला, हृदयातून बाहेर पडणारं लॅक्टेटही कमी भरलं. तेवढ्याच वेळेचा अडथळा, माणूस तोच, धमनी तीच, आणि दीड मिनिटाच्या एका अनुभवाने हृदय वेगळं वागलेलं.

ओपीडीत हेच रोज ऐकायला मिळतं. “सकाळी घरातून निघालो की पहिल्या चढाला छातीत धरतं, दोन मिनिटं थांबतो, मग तोच चढ आणखी दोनदा चढलो तरी काही होत नाही,” असं सांगणारे रुग्ण आपल्याकडेही पुष्कळ. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने अठराव्या शतकात अंजायनाचं पहिलं नीट वर्णन केलं. रोज अर्धा तास लाकूड कापायचा नेम धरून जवळजवळ बरा झालेला एक रुग्ण त्यांनी नोंदवून ठेवला आहे. अशा रुग्णांत रक्तवाहिन्या सैलावणं, जोडवाहिन्या उघडणं, असंही बरंच काही घडत असतं. सगळं श्रेय प्रीकंडिशनिंगला देता येणार नाही. आणि ‘चालत राहिलं की जातं’ म्हणून तपासणी टाळणारे भेटतात तेव्हा काळजी वाटते. ते दुखणं धमनी अरुंद झाल्याची खूण असतं, मग ते थांबो वा न थांबो.

हार्ट अटॅकच्या आधी अंजायना झालेल्यांचं पुढे काय होतं, हेही पाहिलं गेलं. क्लोनर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये टीमी-४ या चाचणीतल्या रुग्णांचा अभ्यास केला. गुठळी विरघळवण्याचं औषध मिळालेल्या या रुग्णांपैकी ज्यांना आधी अंजायना होऊन गेला होता, त्यांच्यात मेलेला स्नायू कमी होता आणि रुग्णालयातले मृत्यू व हृदय निकामी होण्याचे प्रकारही कमी होते.

पण हा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. इटलीत पासक्वाले आबेते यांच्या गटाला १९९७ मध्ये दिसलं, की वृद्धांत तो जवळजवळ नाहीसा होतो. त्याच गटाने २००१ मध्ये दाखवलं, की भरपूर शारीरिक हालचाल असलेल्या वृद्धांत तो शाबूत राहतो. मधुमेहात तो मंदावतो, असं जपानी डॉक्टरांनी २००१ मध्येच नोंदवलं. आपल्याकडच्या वाचकाने इथे थोडं थांबावं, कारण मधुमेह नाही असं कुटुंब शोधावं लागेल अशी आपली स्थिती आहे. मधुमेहात मज्जातंतू बोथट झाल्याने छातीत दुखण्याची सूचना अनेकदा मिळतच नाही, आणि वर हृदयाची ही अंगभूत तयारीही कमजोर. दोन्हीकडून नुकसान.

यात औषधांचाही प्रश्न आहे. प्रीकंडिशनिंगच्या साखळीत पेशीतल्या, एटीपी कमी पडलं की उघडणाऱ्या पोटॅशियम वाहिन्या येतात. ग्लिबेनक्लामाईड ही मधुमेहाची जुनी गोळी स्वादुपिंडातल्या याच जातीच्या वाहिन्या बंद करून इन्सुलिन स्रवायला लावते. गॅरेट ग्रॉस आणि जॉन ऑचँपॅक यांनी १९९२ मध्ये कुत्र्यांत दाखवलं, की या गोळीने प्रीकंडिशनिंगचा लाभ नष्ट होतो. यावरून या वर्गातल्या सगळ्या गोळ्या हृदयाला घातक ठरवणं मात्र घाईचं होतं. याच वर्गातली ग्लिमेपिराईड स्वादुपिंडावर अधिक नेमकं काम करते. २०१९ साली आलेल्या कॅरोलिना चाचणीत सहा हजारांवर रुग्णांना सहा वर्षांहून अधिक काळ पाहिलं, तेव्हा लिनाग्लिप्टिन या मधुमेहाच्या दुसऱ्या औषधाच्या तुलनेत ग्लिमेपिराईडने हृदयविकार वाढल्याचं आढळलं नाही. तेव्हा हे वाचून कोणी चालू गोळी परस्पर बंद करू नये.

उपचार करायला गेल्यावर

प्रीकंडिशनिंगची मोठी अडचण उघड आहे: ते आधी व्हावं लागतं आणि रुग्ण येतो नंतर. यातून दोन वाटा निघाल्या. पहिली, धमनी उघडताना ती एकदम न उघडता अर्ध्या अर्ध्या मिनिटाने उघडझाप करत उघडायची. अटलांटातल्या याकोब विंटेन-योहानसेन यांच्या गटाला २००३ मध्ये कुत्र्यांत यात यश आलं. पुढे माणसांवरच्या छोट्या अभ्यासातही आशा दिसली, पण २०१७ साली डेन्मार्कमधल्या मोठ्या चाचणीत रुग्णांच्या पुढच्या प्रकृतीत फरक पडला नाही.

दुसरी वाट जास्त कुतूहलाची. १९९३ मध्ये कॅरिन प्शिक्लेंक यांनी दाखवलं होतं, की एका धमनीच्या प्रदेशाला छोटे तुटवडे दिले तर शेजारच्या, तुटवडा न सोसलेल्या प्रदेशालाही संरक्षण मिळतं. मग हृदयाऐवजी हाताला छोटे तुटवडे दिले तर चालेल का? चालतो, असं प्राण्यांत आणि स्वयंसेवकांत दिसलं. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर पाच मिनिटं आवळायचा, पाच मिनिटं सोडायचा, चार वेळा. हान्स एरिक बोट्कर यांच्या गटाने डेन्मार्कमध्ये हे थेट रुग्णवाहिकेत करून पाहिलं. २०१० साली त्यांनी कळवलं, की धोक्यातल्या स्नायूपैकी वाचलेला भाग वाढला. विनाखर्चाचा, कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात जमेल असा उपाय हाती आला अशी आशा अनेकांना वाटली, आणि ती वाटणं अगदी रास्त होतं.

मग मोठ्या चाचण्या झाल्या. बायपास आणि हृदयाच्या इतर शस्त्रक्रियांच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये एरिका, जर्मनीत रिपहार्ट. दोन्हींचे निकाल २०१५ मध्ये आले, लाभ नाही. हार्ट अटॅकच्या ५,४०१ रुग्णांवर ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बियात झालेल्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. वर्षभरात हृदयाने मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दाखल होण्याचं प्रमाण पट्टा न आवळलेल्यांत ८.६ टक्के, आवळलेल्यांत ९.४ टक्के. फरक पडला नाही.

कारणं बरीच सांगता येतात. प्रयोगशाळेतला प्राणी तरुण, निरोगी आणि औषधांविना असतो, रुग्ण वयस्क, मधुमेही आणि पाच-सहा गोळ्या घेणारा. बायपासच्या भुलीत वापरलं जाणारं प्रोपोफॉल हा परिणाम दाबत असावं असाही संशय आहे. गुठळी रोखणाऱ्या नव्या औषधांनी स्नायूला थोडं संरक्षण आधीच मिळत असेल, असं डाउनी यांच्या गटाचं प्राण्यांतल्या कामावरून म्हणणं आहे. मला सगळ्यात पटणारं कारण ड्यूकच्या दोन गटांतच दिसतं. प्रीकंडिशनिंग मुदत वाढवून देतं, आणि वाढीव मुदत उपयोगी पडते ती मधल्या पट्ट्यातच. धमनी फार लवकर उघडली तर स्नायू तसाही वाचलेलाच असतो, आणखी वाचवायला फारसं उरत नाही, तीन तासांसारखा उशीर झाला तर मुदतही संपलेली असते. युरोपातल्या त्या रुग्णांना अँजिओप्लास्टी तत्परतेने मिळाली होती आणि एकूण मृत्यूच कमी होते. म्हणूनच नंतर अशी चाचणी आफ्रिकेतल्या रुग्णालयांत हाती घेतली गेली, जिथे धमनी उशिरा उघडते किंवा उघडतच नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांची स्थिती युरोपापेक्षा तिकडच्या जास्त जवळची आहे.

रुग्ण दाखल होतो तेव्हा या सगळ्याचा संबंध एका अगदी व्यवहारी प्रश्नाशी येतो: दुखणं कधी सुरू झालं? परवा रात्री पित्त समजून सोडा घेतला, काल सकाळी पुन्हा भरून आलं, आज पहाटेपासून थांबलेलंच नाही, असं नातेवाईक सांगतात. अशा वेळी घड्याळ परवापासून लावलं तर धमनी उघडण्यासाठी ठरलेली बारा तासांची मर्यादा कधीच उलटलेली दिसते आणि ‘आता उशीर झाला’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. आधीचे झटके म्हणजे बहुतेकदा गुठळी होत-विरत धमनी बंद-उघड झालेली असते. अशा रुग्णाचा स्नायू उलट जास्त टिकून असण्याची शक्यता असते. घड्याळ लावायचं ते न थांबलेल्या दुखण्यापासून. आणि बारा तास उलटले तरी दुखणं व ईसीजीतला बदल चालू असेल तर धमनी उघडण्याचा विचार करायचाच असतो. नातेवाइकांनी परवाचं आणि कालचं दुखणं लपवू नये आणि एकत्रही करू नये. प्रत्येक झटका कधी आला, किती मिनिटांत थांबला आणि शेवटचा न थांबणारा कितीला सुरू झाला, हे वेगवेगळं सांगावं, जमल्यास वाटेतच कागदावर लिहून घ्यावं.